आधी वेळ ठरवा, मग दर, मग राजीनामा

मुलगी पहिलीत असताना शाळेत ‘माझे बाबा’ या विषयावर पाच ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलं, ‘माझे बाबा लोकांचे फ्रीज दुरुस्त करतात. आमचा फ्रीज बंद आहे.’ बाईंनी त्यावर लाल पेनाने ‘छान’ असा शेरा दिला होता.

फ्रीज खरंच तीन आठवडे बंद होता. मी तेव्हा एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सुपरवायझर होतो. सकाळी साडेआठला चिंचवडहून निघायचं आणि रात्री नऊला परत. २०१७ साली नोकरी सोडली, स्वतःचं फ्रीज-एसी-वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम सुरू केलं, आणि पुढचं दीड वर्ष घरी यायला रात्रीचे दहा वाजायला लागले. साहेब नव्हता, पण प्रत्येक गिऱ्हाईक साहेब झालं होतं. पैसेही पगाराएवढेच.

नोकरी सोडू पाहणारे ओळखीतले लोक हल्ली विचारायला येतात. त्यांना मी माझी चूक आधी सांगतो, म्हणून इथेही तिच्यापासूनच सुरुवात. मी आधी राजीनामा दिला, मग शेजारच्या दुकानदाराला विचारून दर ठरवला आणि वेळ उरेल तेवढा घराला दिला. क्रम नेमका उलटा हवा होता. माझा धंदा दुरुस्तीचा आहे, पण शिवणकाम, शिकवण्या, हिशेब लिहिणं, डबे, डिझाइन, काहीही करणार असाल तरी क्रम हाच.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ऐकवणारे काका-मामा आपल्याकडे भरपूर. त्यातले बहुतेक पेन्शन घेऊन निवृत्त झालेले असतात, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पायरी १ : भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा

दुधाच्या आणि गॅसच्या नोंदी असतात ते कॅलेंडर घ्या आणि पेनाने घराच्या वेळा लिहा. ‘कुटुंबाला वेळ द्यायचा’ एवढ्याने भागत नाही. कोणता वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे लिहा. माझ्या नोंदी अशा आहेत : संध्याकाळी साडेसहानंतर कॉल नाही (गिऱ्हाइकाकडच्या एका फेरीला आमच्यात कॉल म्हणतात), रविवार बंद, दुपारी एक ते अडीच जेवण घरी. पुण्याच्या एक ते चार बंद दुकानांची मी नोकरीत असताना भरपूर चेष्टा केली. आता त्या दुकानदारांबद्दल आदर वाटतो.

मग धंद्याचा हंगाम मांडा. एसीवाल्याचा हंगाम मार्च ते जून, म्हणजे नेमकी मुलांची सुट्टी. मे महिन्यात बाबा सापडणार नाही, हे मुलीला आधीच सांगून टाकलं. त्याबदल्यात गणपतीचे दिवस आणि दिवाळीनंतरचा आठवडा तिचा. शिवणकामाला दिवाळी आणि लग्नसराई, फराळवाल्यांना दिवाळीआधीचे तीन आठवडे, विवरणपत्रं भरणाऱ्यांना जुलै. शिकवण्यांचं दुखणं वेगळंच. त्यांची वेळ संध्याकाळची, म्हणजे स्वतःची मुलं घरी असतात तीच. घरासाठी मोकळा वेळ हवा म्हणून शिकवण्या सुरू करणाऱ्या दोघीजणींना मी हे विचारलं, तेव्हा दोघींनी हा विचारच केला नव्हता. एकीने मग सकाळी गृहिणींसाठी स्पोकन इंग्लिशचा वर्ग काढला.

पायरी २ : घराचा खरा खर्च

मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि नवरा-बायको दोघांनी बसून बेरीज करा. अंदाजाने सांगितलेला आकडा नेहमी कमी निघतो, कारण शाळेची फी, गाडीचा विमा, लग्नातले आहेर, गावची जत्रा, दाताचा डॉक्टर हे महिन्याच्या हिशेबात कुणी धरत नाही. वर्षाची बेरीज करून १२ ने भागा. पुढच्या उदाहरणासाठी हा आकडा महिना ४२,००० धरू.

पायरी ३ : दर

इथे घाई करू नका. स्वतःच्या धंद्यात घर सुखी राहणार की नाही, हे माझ्या अनुभवाने मेहनतीपेक्षा दरावर जास्त ठरतं.

वर्षाचे ३६५ दिवस. ५२ रविवार गेले, उरले ३१३. सण, आजारपण, गावी जाणं, शाळेतले पालकांचे दिवस मिळून ३३ काढा. उरले २८०. आता दिवसात काम किती? साडेनऊ ते साडेसहा बाहेर असलो तरी जेवण, प्रवास, स्पेअर आणणं, फोन घेणं, बिलं लिहिणं यात निम्मा वेळ जातो. ज्याचे पैसे मिळतात ते तास चार, फार तर साडेचार. एका कॉलला सरासरी पाऊण तास लागतो, म्हणजे दिवसाला साधारण पाच कॉल.

आता वर्षाची गरज. घर : ५,०४,०००. धंद्याचा खर्च (पेट्रोल, हत्यारं, फोन, हिशेबनीस, व्हॅक्युम पंपाची देखभाल) : १,२०,०००. पूर्वी कंपनी भरत होती आणि आता आपण भरायचं ते, म्हणजे पीएफचा हिस्सा, मेडिक्लेम, अपघात विमा : ९०,०००. अडीअडचणीसाठी बाजूला : ६०,०००. एकूण ७,७४,०००.

मी सुरुवातीला आजूबाजूचा भाव पाहून कॉलला २५० रुपये मजुरी घेत होतो. ७,७४,००० भागिले २५० म्हणजे वर्षाला ३,०९६ कॉल. २८० दिवसांत दिवसाला ११. रात्री दहाचं कोडं इथे सुटलं. मी आळशी नव्हतो, बायकोला वाटायचं तसं कामाचं व्यसनही नव्हतं; भागाकारच तसा होता. तोच दर ५२० धरला तर दिवसाला पाच-सव्वापाच कॉल पुरतात आणि साडेसहाला घरी येता येतं.

‘पण बाजारात २५० चालू असताना ५२० कोण देणार?’ हा प्रश्न बरोबर आहे. सगळे देत नाहीत, आणि सगळ्यांनी द्यावेत अशी गरजही नाही, कारण तुम्हाला दिवसाला पाचच हवेत. जो देतो तो कशासाठी देतो ते बघा. ठरलेल्या वेळी येणं. बिघाड सांगून, खर्च सांगून, मगच मशीन उघडणं. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देणं. कामावर ९० दिवसांची हमी आणि ती लिहून. जाताना फरशी पुसणं. हसू नका, माझी निम्मी गिऱ्हाइकं मला ‘फरशी पुसणारे’ म्हणून ओळखतात. दर एका दिवसात दुप्पट केला नाही. नव्या गिऱ्हाइकांना नवा दर सांगत गेलो आणि जुन्यांना पुढच्या गुढीपाडव्यापासून. सात-आठ जुनी घरं सुटली. त्यात दर वेळी पन्नास रुपये कमी करायला लावणारे जास्त होते.

स्वतःचे आकडे टाकून हा भागाकार करा. दर बाजारात अजिबात चालण्यासारखा नसेल, तर एक तर घरखर्च बदलायला हवा किंवा कामाचा प्रकार. उत्तर आवडलं नाही म्हणून तास वाढवू नका.

पायरी ४ : नोकरीत असतानाच उरकायची कामं

राजीनामा दिल्यावर पगाराची स्लिप जाते आणि तिच्याबरोबर बरंच काही जातं.

घरासाठी कर्ज काढायचंच असेल तर आधी काढा. व्यावसायिकाला बँक साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. पण हप्ता घरखर्चाच्या आकड्यात धरून पायरी ३ पुन्हा करा.

कुटुंबाचा आरोग्य विमा नोकरी सुटण्याआधी स्वतःच्या नावाने घ्या. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती मुदतीत मागावी लागते, म्हणून एचआरला लेखी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झालाय. शिडीवर, गच्चीवर, विजेशी काम असेल तर अपघात विमा वेगळा हवा. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेचा २ लाखांचा विमा आहेच, पण भिंतीबाहेरचं एसीचं युनिट बसवणाऱ्या माणसाला तो पुरत नाही.

ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत पाच वर्षांची अट सांगितली जाते. साडेचार वर्षं झाली असतील तर सहा महिने कळ काढा. पीएफला हात लावू नका. सलग पाच वर्षं होण्याआधी काढला तर त्यावर कर लागतो, आणि कर नसला तरी त्या पैशातून दुकानाचं डिपॉझिट भरणं ही चूकच.

सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे आपल्या उदाहरणात २,५२,००० रुपये, वेगळ्या खात्यात. धंद्याचं भांडवल याच्याबाहेरचं.

आणि शिकून घ्या. माझ्या धंद्यात इन्व्हर्टर एसीचं पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, आलं. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए आणि एसीत आर-३२ हे पेट घेणारे गॅस आले. जुन्या सवयीने नळ्या जोडायची गॅसची टॉर्च पेटवली तर जिवाशी गाठ. मी आयटीआय केलं तेव्हा यातलं काही हाताळलं नव्हतं. कंपनीचं ट्रेनिंग असेल तर पहिल्या बाकावर बसा. कंपनीची गिऱ्हाइकं मात्र फोडू नका. करारात काय लिहिलंय ते वेगळं, पण शहर लहान असतं आणि तुमच्याच जुन्या सेंटरकडून पुढे कामं येतात. मला येतात.

पायरी ५ : घरातली बोलणी

घरातून धंदा सुरू झाला की बायको बिनपगारी रिसेप्शनिस्ट होते. ‘साहेब बाहेर गेलेत, निरोप देते,’ हे वाक्य आमच्याकडे दिवसाला वीसदा व्हायचं आणि ती तेव्हा शिकवणी घेत असायची. धंद्याचा नंबर वेगळा घ्या. व्हॉट्सॲप बिझनेसवर कामाच्या वेळा टाका, साडेसहानंतर आपोआप निरोप जाऊ द्या. घरातलं कुणी खरंच काम करत असेल, म्हणजे बिलं, फोन, स्टॉक बघत असेल, तर पायरी ३ च्या खर्चात त्यांचे पैसे धरा आणि द्या. बाई धंदा करत असेल तर उलट बाजूने विचार करा. ती घरात आहे म्हणून सिलिंडर घेणं, सासूबाईंचं औषध, शाळेची व्हॅन हे सगळं तिच्याकडेच सरकतं. कॅलेंडरवर तिच्या कामाचे तास लिहा आणि त्या तासांत ती घरात नाही असं धरा.

पायरी ६ : कागदपत्रं

एकट्याच्या धंद्याला, म्हणजे प्रोप्रायटरशिपला, कंपनी काढावी लागत नाही. तुमचा पॅन हाच धंद्याचा पॅन.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत. शोधल्यावर आधी दिसणारी, हुबेहूब सरकारी वाटणारी आणि ‘शुल्क’ मागणारी पानं दलालांची असतात. शॉप ॲक्टला (दुकानं आणि आस्थापनांचा कायदा), महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे, एकट्या-दुकट्याच्या कामाला नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. हे दोन कागद घेऊन बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं निघतं. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. हा पुष्कळजण विसरतात आणि मग दंडासकट भरतात. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी पहिल्या डब्याआधी.

जीएसटीची नोंदणी सेवेला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीवर आणि नुसत्या मालाच्या विक्रीला, महाराष्ट्रात, ४० लाखांवर लागते. आमच्यासारखं सेवा आणि स्पेअर दोन्ही असेल तर २० लाखच धरा. माल परराज्यात पाठवणार असाल तर हिशेबनिसाला आधी विचारा, तिथे ही सूट चालत नाही.

पायरी ७ : कर्ज, शक्यतो नको

हत्यारांसाठी लागलंच तर मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं. ५०,००० पर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. अर्ज थेट बँकेत करा, ‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला टक्के देऊ नका. मोठं काम असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) चौकशी करा. त्यात अनुदान आहे, पण फक्त नव्या उद्योगाला, म्हणजे आधी सुरू करून मग अर्ज केला तर उपयोग नाही. दुकानाच्या गाळ्यासाठी कर्ज पहिल्या वर्षी काढूच नका. मी पहिली दोन वर्षं स्कूटरवरून काम केलं आणि स्पेअरचं कपाट घराच्या गॅलरीत होतं.

पायरी ८ : पहिली गिऱ्हाइकं

जाहिरात नको, आधी दहा घरं हवीत. दोन किलोमीटरच्या आतल्या सोसायट्या धरा, कारण प्रवासाचे पैसे कुणी देत नाही. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, हार्डवेअरचं दुकान यांना कार्ड द्या. व्हिजिट चार्ज फोनवरच सांगा. ‘बघू, द्या काय ते’ हे शब्द तोंडातून काढू नका. ‘काय ते’ म्हणजे शंभर रुपये आणि चहा. नातेवाइकांकडे स्पेअरचे पूर्ण पैसे घ्या, मजुरी वाटलं तर सोडा, पण बिलावर लिहून सोडा.

मंदीच्या महिन्यांसाठी वार्षिक करार घ्या. वर्षाला तीन सर्व्हिसिंग, त्यातली एक पावसाळ्यात. माझे ऑगस्ट-सप्टेंबर त्यावर निघतात.

पायरी ९ : पैसे येतील तसे

सगळी जमा चालू खात्यात, यूपीआय सुद्धा त्याच खात्याला जोडलेलं. दर महिन्याच्या एक तारखेला घराच्या खात्यात ठरलेला ‘पगार’, ४२,०००. मे महिन्यात लाख आले तरी ४२,०००. ऑगस्टमध्ये तीस आले तरी ४२,०००, कारण मेमधले तिथेच पडून आहेत. घरच्यांना हे जमलं की धंद्याची धास्ती निम्मी होते.

आयकरात छोट्या धंद्याला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. २ कोटींपर्यंतच्या उलाढालीत बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही सोय ठेवलेली आहे. नफा खरा जास्त असेल तर जास्तच दाखवा. दाखवलेला नफा इतका कमी असेल की घर कसं चालतं ते कळू नये, तर पुढे गृहकर्ज मागायला गेल्यावर बँकेचा साहेब तोच कागद पुढे करतो. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, विवरणपत्र मात्र भरायचंच. कर लागणार असेल तर अंदाजितवाल्यांनी आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा.

पायरी १० : उधारी

घरगुती गिऱ्हाईक जागेवर पैसे देतं. रखडवतात ती ऑफिसं. एका ऑफिसने माझे १४ एसींच्या सर्व्हिसिंगचे पैसे सात महिने अडवले होते. तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे करारात मुदत लिहिली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लिहिली नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर त्यांच्यावर चक्रवाढ व्याज चढतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणी काम करण्याआधीची हवी. बिलाच्या तळाला उद्यम क्रमांक छापा. तक्रार करायची वेळ मला त्यानंतर आली नाही, नुसता क्रमांक पाहून अकाउंट्सचा माणूस नीट बोलायला लागतो.

पायरी ११ : सहाव्या महिन्यात कॅलेंडर पुन्हा खाली

साडेसहाची वेळ ज्या दिवशी मोडली त्या तारखेवर मुलगी लाल फुली मारते. हा नियम तिनेच काढला. सहा महिन्यांनी दोन गोष्टी मोजा : फुल्या किती, आणि बाजूला ठेवलेल्या २,५२,००० पैकी शिल्लक किती. फुल्या जास्त आणि पैसे ठीक असतील तर दर वाढवा किंवा लांबची गिऱ्हाइकं सोडा. फुल्या कमी आणि पैसे आटत असतील तर गिऱ्हाइकं कमी पडताहेत, पायरी ८ वर जा. दोन्ही वाईट असतील आणि शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चावर आली असेल, तर जुन्या साहेबांना फोन करा. ही शेवटची रेघ नोकरी सोडण्याआधीच बायकोबरोबर बसून तारखेसकट लिहून ठेवा, कारण त्या दिवशी आपण नेहमी ‘अजून एक महिना’ म्हणतो.

मागच्या मे महिन्यात माझ्या नऊ फुल्या झाल्या. जूनमध्ये चार. यंदा मार्चच्या आधी हंगामापुरता एक आयटीआयचा मुलगा हाताशी घेतोय, त्याचा पगार पायरी ३ मध्ये टाकून दर नव्याने काढलाय. ५८० येतोय.